बाळू घुडे यांचा दगड

लष्कराच्या सिग्नल्समधून मी मेजर म्हणून निवृत्त झाले आणि मुरबाडला राहायला आले. तेव्हापासून तालुक्यात फौजेशी संबंधित काहीही निघालं की लोक माझ्याकडे येतात. वैशाखऱ्याच्या फाट्यावर शिपाई बाळू घुडे यांच्या स्मारकाचा दगड आहे. तो कलला होता, मागची भिंत फुगली होती. दुरुस्तीची ड्यूटी मला मिळाली. मदतीला निवृत्त हवालदार भोईर आणि शहापूरचा गवंडी पांडुरंग.

दगडावर शेंदराचा जाड थर होता. बाळू यांची बायको चंद्राबाई दर अमावास्येला तेल-शेंदूर लावते. त्यांचा देह सीमेवरून घरी आला नाही. तिच्याजवळ हा दगडच आहे. शेंदराखालचं नाव मोकळं करायचं, असं मी ठरवलं आणि तिला विचारलं.

"काढा," ती म्हणाली. "त्याची दाढी तरी व्हईल."

पांडुरंगनं छिन्नी लावली. थोड्याच ठोक्यांत अख्खा थर सुटला, देवाची शेंदराची खोळ गळावी तसा. आत कोरा दगड. एक अक्षर नाही.

"नाव काढला का सरकारनी?" चंद्राबाईनं विचारलं.

"नाही मावशी. असं काढत नाहीत."

"मंग कुठं हाय? काय चुकला त्याचा?"

भोईर म्हणाले, नाव होतं, स्वतः वाचलंय. कधी? रस्ता रुंद व्हायच्या आधी. रुंदीकरणात दगड कोणी हलवला? आठवेना. चंद्राबाई त्या वेळी वीटभट्टीवर कामाला गेली होती. परतली तेव्हा दगड भिंतीला टेकवून उभा होता, त्यावर सिमेंट सांडलेलं. तिला वाचता येत नाही. समोर दिसलं त्यावर तिनं शेंदूर लावला. वाचता येणाऱ्यांना वाटलं, नाव आत आहे.

दगड आणि भिंतीमध्ये बोटं जातील एवढी फट होती. मी बोटं घातली. दगडाच्या पाठीवर कोरलेल्या खाचा लागल्या.

"भोईर, भिंत उतरवा."

"पूर्ण, मॅडम?"

"पूर्ण. आधी दगडाला टेकू द्या."

दुपारपर्यंत भिंत उतरली. भोईरनी नाव मोठ्यानं वाचलं. चंद्राबाईनं अक्षरांवर तळवा ठेवला, मग फिरून पुढे आली.

"मंग हिकडून एवढी वर्सं मी कोनाशी बोलत व्हती?"

"त्याच्याशीच गो आजी," पांडुरंग म्हणाला. "पाठमोरा असला म्हनून काय ऐकू येत नाय?"

ती हसली असं मला वाटलं. मग पदर तोंडाला लावला.

दगड फिरवू, नाव रस्त्याकडे येईल, असं मी सांगितलं. स्मारक त्यासाठीच असतं.

"नको, बाय. ज्याला वाचाचा हाय तो येल फिरून."

मी दोनदा समजावलं. ती दगडापुढून हलली नाही. शेवटी दगड तसाच सरळ केला, पाया भरला, भिंत परत बांधली नाही. गळालेली खोळ भोईरनी बूट काढून काळू नदीत सोडली. चंद्राबाईनं कोऱ्या बाजूला पुन्हा शेंदूर लावला. दगडासाठी ते वाईट आहे.

दुरुस्तीनंतर ठेवलेल्या मानवंदनेच्या सकाळी भोईर आले. "मॅडम, फॉल इन कुठल्या बाजूला?"

निम्मे माजी सैनिक नावाकडे उभे केले, निम्मे शेंदराकडे. ड्रिलमध्ये असं काही नाही. मी नावाकडे होते. कमांड दिली तेव्हा पलीकडचे दिसत नव्हते. चंद्राबाई त्यांच्यात, रस्त्याच्या बाजूला होती.

शेवटची सुट्टी संपवून शिपाई बाळू घुडे याच फाट्यावर एसटीत बसले. तेव्हाही ती तिथेच उभी होती, असं भोईर नंतर म्हणाले.