पुसलेली राख

ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरी संपली, ठाणं सुटलं, तरी फेब्रुवारीचं ऊन अंगणात उतरलं की ती बाई समोर येऊन बसते.

मी अधिकारी नव्हते. माझे यजमान जबलपूरला पोलिसात आरक्षक, म्हणजे शिपाई, होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला ठाण्यात घेतलं. शाळा चौथीपर्यंत, म्हणून काम चतुर्थ श्रेणीचं. झाडणं, पाणी भरणं, चहा करणं. आणि एक काम कागदावर कुठेच नव्हतं. कोणतीही बाई चौकशीला आणली की तिच्याजवळ बसून राहायचं. महिला उपनिरीक्षक मॅडम एकच, त्यांच्या मागे दहा कामं. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. त्यामुळेच की काय, बायका माझ्यापाशी बोलायच्या.

नाव कोणाचंच लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल.

राइट टाउनमधल्या एका घरातून तक्रार आली होती. घरची आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. उजवी बाजू गेलेली, तोंडातून शब्द धड निघत नसे. तिच्या बोटातली सोन्याची अंगठी, बिनखड्याची साधी, मंगळवारी संध्याकाळी सुनेला दिसली नाही. खोलीत दिवसभर असायची ती आजीची सेवा करणारी आया. ख्रिश्चन बाई, मराठीच, घमापुरात एका खोलीत एकटी राहायची. तिला मी आयाताईच म्हणते.

समोरच्या बंगल्याच्या चौकीदाराने खबर दिली की मंगळवारी दुपारी आयाताई पदराखाली काहीतरी दाबून फाटकातून बाहेर पडली. त्या बंगल्याच्या कॅमेऱ्यातही तेच दिसलं. छातीशी मूठ, वर पदर, भरभर चाल. आमच्या टी.आय. साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, दोनदा ते चित्र पाहिलं आणि बुधवारी सकाळी मॅडमना घमापूरला पाठवलं.

साडेदहाच्या सुमारास मॅडम तिला घेऊन आल्या. पन्नाशी ओलांडलेली, किडकिडीत, सुती साडी स्वच्छ धुतलेली. कपाळावर मात्र मधोमध काळं फासल्यासारखं. मला वाटलं, घाईघाईत चुलीपाशी हात लागला असेल, किंवा धक्काबुक्कीत कुठे घासलं असेल. ठाण्यात येणाऱ्या बाईचं तोंड तरी नीट असावं असं मला नेहमी वाटायचं. मी माठातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि काही न विचारता तिचं कपाळ पुसून टाकलं.

तिने माझं मनगट धरलं, पण तोवर उशीर झाला होता. ती माझ्या पदराकडे बघत राहिली.

मग चौकशी सुरू झाली. साहेब वाईट माणूस नव्हते. हात कधी उचलला नाही, आवाज मात्र खोलीभर असायचा.

"मंगल की दोपहर पल्लू में क्या था?"

आयाताईने पदर सावरला.

"कैमरे में साफ दिख रहा है, बाई. अंगूठी किसको दी?"

"अंगूठी मैंने नहीं ली, साहब."

"तो पल्लू में क्या था?"

"वो नहीं बताऊँगी. झूठ मैं बोलूँगी नहीं, और सच बताऊँगी नहीं."

आमचे मुंशी, म्हणजे ठाण्याचं लिहिणं-पुसणं बघणारे हवालदार, लेखणी थांबवून हसले. "लो साहब, अब ये रोजनामचे में कैसे लिखूँ?"

तास-दीड तास असाच गेला. अठ्ठावीस वर्षांत चोरी केलेल्या पुष्कळ बायका मी पाहिल्या. चोरी केलेली बाई आधी रडते, मग शपथा घेते, मग दुसऱ्याचं नाव सांगते. ही त्यातलं काही करत नव्हती. ही कोणाला तरी पाठीशी घालून बसली होती. पण साहेबांना ते कसं सांगणार? मला तर त्यांच्यापुढे 'चाय' याच्यापलीकडे शब्द फुटत नसे. चारपर्यंत कबूल झाली नाही तर अटक दाखवून कोर्टात उभी करू, असं ते मॅडमना सांगून गेले.

आम्ही दोघी मागच्या खोलीत राहिलो. मी तिला चहा दिला. तिने नको म्हटलं.

"घ्या ना ताई. सकाळपासून काही नाही पोटात."

"आज उपास आहे माझा."

"बुधवारचा?"

"वर्षातून एकदा येतो हा बुधवार." तिने कपाळाला हात लावला. "तू काहून पुसलं ग माझं कपाळ?"

"काळं लागलं होतं. मला वाटलं, चुलीची राख."

"राखच होती. चर्चची. सकाळी फादर लावतात. तू मातीची आहेस, मातीतच जाशील, असं म्हणून लावतात."

माझे कान तापले. आमच्या घरी कोणी अंगारा पुसला असता तर सासूबाईंनी दिवसभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. मी तिचे दोन्ही हात धरले. "ताई, मला माहीत नव्हतं हो. देवाशपथ माहीत नव्हतं."

ती पहिल्यांदा हसली. समोरचा एक दात नव्हता. "जाऊ दे. आता तुझ्या पदराला लागली. आज तू पण आमच्यातली झाली."

आणि हे बोलल्याबरोबर तिचं तोंड पांढरं पडलं. तिने दाराकडे पाहिलं. "हे मी बोलले म्हणून कोणाला सांगू नको हं. मस्करी केली मी. एवढ्यावरूनही आजकाल केस होते, बाटवून राहिली म्हणतात."

तिथे मला पहिलं सूत सापडलं. ही चोरीला घाबरत नव्हती. ही दुसऱ्याच कशाला तरी घाबरत होती.

मी घाई केली नाही. पदराचं टोक धुतलंही नाही. तिला विचारलं, "ही राख कशाची असते?"

सांगताना तिचा आवाज मऊ झाला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये खजुराची पानं वाटतात. त्यांचे छोटे क्रूस विणून लोक वर्षभर घरात ठेवतात. पुढच्या वर्षी राखेचा बुधवार आला की आदल्या दिवशी ते वाळलेले क्रूस चर्चला परत करायचे. तिथे सगळे एकत्र जाळतात, राख चाळून घेतात, आणि तीच सगळ्यांच्या कपाळाला.

"तुम्ही पण मंगळवारी दिला असेल तुमचा."

"दिला."

"एकच?"

तिचे डोळे भरून आले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

मागच्या वर्षी तिने विणलेला क्रूस आजीने पाहिला आणि डाव्या हाताने मागितला. लहान मूल मागतं तसा. आयाताईने तो जाड कापडाच्या पिशवीत घालून दिला. पिशवीला तुटलेल्या जपमाळेचे मणी शिवले होते. आजीने ती पलंगाच्या कठड्याला बांधून घेतली. समोर भिंतीवर आजीचे गणपती, उशाशी ही पिशवी. सुनेला वाटायचं दृष्टीची पोटली आहे. कोणी कधी विचारलं नाही, आयाताईने सांगितलं नाही.

"मग तुम्ही सरळ सांगा ना, पदराखाली पिशवी होती."

"काय सांगू? हिंदू घरात म्हाताऱ्या बाईच्या उशाला क्रूस बांधला म्हणून? चोरी म्हटली तर मी एकटी जाईन ग. हे निघालं तर फादरला ओढतील, चर्चला ओढतील, आजीलाही विचारत बसतील. तिला तर बोलताही येत नाही."

"पिशवी उघडून पाहिली होती तुम्ही?"

"नाही." तिने छताकडे बोट केलं. "त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. पावसाळ्यात पोरगी गेली माझी. ताप डोक्यात चढला. आजीला कोण बघेल म्हणून मला सुट्टी नाही मिळाली. दुसऱ्या दिवशी तिच्या गावी पोचले तोवर झालं होतं सगळं. दुसऱ्यांच्या आयांचं मी वर्षानुवर्षं केलं, माझ्या लेकीच्या वेळी तो कुठे होता? चर्चच्या टोपलीत टाकली पिशवी आणि पाठ फिरवली. मिस्सालाही, चर्चच्या प्रार्थनेलाही, जात नव्हते. आज मात्र गेले. तू माती आहेस म्हणतात ना, तेवढं एक मला पटतं."

"आणि आजी?"

"पोरगी गेली त्या आठवड्यात घरात कोणी काही विचारलं नाही. आजीने डाव्या हाताने माझं डोकं आपल्या छातीवर ओढून घेतलं. ती रडली माझ्यासोबत. शब्द नाही निघत तिचा, पण रडली."

मी उठले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ठाण्यात बायकांची झडती मीच घ्यायची. जोखमीची वस्तू बाई कुठे ठेवते ते मला पाठ होतं. अंबाड्यात, बटव्यात, आणि म्हाताऱ्या बायका तर देवापाशीच. माझ्या सासूबाई नथ कुंकवाच्या करंड्यात ठेवायच्या. आजीचं बोट वाळलं असेल, अंगठी ढिली झाली असेल. तिचा एकच हात चालतो, आणि हाताच्या अंतरावर एकच भरवशाची जागा होती.

मी आयाताईला विचारलं, साहेबांना सांगू का? तिने मान हलवली. नको. मी तिला वचन दिलं नाही. दिलं असतं तर मोडावं लागलं असतं.

चहाचा ट्रे घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. कप वाजत होते. मुंशी म्हणाले, "अम्मा, भूकंप आ गया क्या?"

"साहब, एक बात बोलनी है. लेकिन लिखना मत."

"थाने में बिना लिखे तो मक्खी भी नहीं बैठती, अम्मा," मुंशी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काही सांगायला आले होते. त्यांनी मुंशींना बाहेर पाठवलं. मी अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, जमिनीकडे बघून सगळं सांगितलं. शेवटी हात जोडले. "साहब, उसको दूसरे केस में मत डालना. अम्माजी ने खुद माँगा था."

साहेब म्हणाले, "मेरी माँ के तकिए के नीचे चाकू भी रहता है, ताबीज भी, दरगाह का डोरा भी. इसमें केस कहाँ है, अम्मा? अंगूठी का केस है, अंगूठी ढूँढो." त्यांनी मॅडमना बोलावलं. "सादे कपड़ों में जाओ. जीप मत ले जाना. अम्मा को साथ ले लो."

आम्ही ऑटोने गेलो. चर्च सांभाळणारे म्हातारे बाबा अंगणात पानं झाडत होते. मॅडमनी नुसतं विचारलं, कालच्या राखेत काही सापडलं का? बाबांनी झाडू टाकला आणि म्हणाले, "तुम लोग उसी की हो क्या? चालनी में खट से बजी. मैं समझा कील है." ते आत गेले आणि फादरना घेऊन आले. फादरच्या हातात वाटी होती, वाटीत काळी पडलेली अंगठी. इतवारी मिस्साला जाहीर करणार होते, ज्याची असेल त्याने न्यावी म्हणून. मॅडमनी रुमालाने घासली तेव्हा आतून पिवळी निघाली. तिथेच दोघांच्या सह्या घेऊन पंचनामा केला.

राइट टाउनच्या घरी साहेब स्वतः आले. सोबत आयाताई होती. मुलगा-सून दारातच, "मिल गई ना? इसी ने कबूल किया ना?" साहेब सरळ आजीच्या खोलीत गेले, गुडघे मोडून पलंगाशी बसले आणि त्या मोठ्या आवाजाचं काय झालं कोण जाणे, हळूच विचारलं, "अम्माजी, अंगूठी आपने कहाँ रखी थी?"

आजीने डावा हात उचलला. कठड्यापर्यंत नेला. जिथे पिशवी असायची तिथे बोटं चाचपडली. काही लागेना तेव्हा ती घाबरली, आणि तिने आयाताईकडे पाहिलं. तक्रारीने नाही. आपली वस्तू कुठे गेली हे जिला माहीत असणार, तिच्याकडे बघतात तसं.

आयाताई जमिनीवर बसली आणि आजीच्या पांघरुणात तोंड खुपसून रडली. आजीचा हात तिच्या डोक्यावर आला.

सून म्हणाली, "सांगायचं ना मग आम्हाला."

साहेबांना मराठी समजायची. ते उठत म्हणाले, "आपने पूछा था?"

चोरी झालीच नव्हती, म्हणून केसचा खात्मा लागला, म्हणजे ती कागदोपत्री बंद झाली. खात्म्याच्या कागदात पिशवीचं नाव 'कापडी बटवा' असं लिहिलं गेलं. मुंशींनी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक है ना, अम्मा?"

मुलाने आयाताईला परत बोलावलं. मला वाटलं ती जाणार नाही. ती गेली, पण आधी दारात उभी राहून सांगितलं, "रविवारी सकाळी मी येणार नाही. आणि पोरीच्या दिवशी येणार नाही. आजीला तुम्ही बघायचं." सून रविवारी आजीला भरवायला लागली. आजी गेली तेव्हा दोघी दोन्ही बाजूंना होत्या, असं आयाताईने मला सांगितलं.

ठाण्यात आम्ही पकडून आणलेल्या माणसाला एकच विचारतो, काय लपवलं? तुला भीती कशाची आहे, हे त्या दिवसापर्यंत मीही कोणाला विचारलं नव्हतं. आणि मी तर ठाण्यात फक्त बसायचे, मला विचारायला वेळच वेळ होता. उलट, न विचारता एका बाईचं कपाळ पुसलं. त्यानंतर कोणी बाई आली, तिच्या अंगावर काहीही असलं, डाग, दोरा, गंडा, मी आधी विचारलं, ताई, राहू द्यायचं की काढायचं?

आयाताई माझ्याकडे येत असते. एकदा मी विचारलं, वरच्याशी बोलणं सुरू झालं का? म्हणाली, "नाही ग. पण जाऊन बसते. तो बोलला तर ऐकीन." पानांच्या रविवारी ती मलाही एक क्रूस विणून देते. मी तो देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवते. माझ्या देवांनी अजून काही तक्रार केलेली नाही.

यंदा परत न्यायला ती आली तेव्हा मी क्रूस खिडकीशी नेला, उजेडात धरला, उलटा करून दोनदा झटकला.

"काय शोधून राहिली ग?"

"काही नाही," मी म्हटलं. "पंचनामा."

ती हसली. आता दोन दात नाहीत.