तांबड्या डुकरिणीची मेजवानी

लोतोफुआ बेटावरच्या विमानतळाचा सगळा कारभार एकट्या कितिओनेवर. वय अठ्ठावन्न, गुडघे कामातून गेलेले. दर गुरुवारी चौदा माणसांचं विमान यायचं. त्याआधी हा बाबा बांबू घेऊन गवताळ धावपट्टीवरची डुकरं हाकलायचा. डुकरं गावचे मुखिया सेमिसी यांची. कुंपण दोन वर्षांपूर्वी वादळात उडालं आणि मुखियांनी ते पुन्हा उभं राहू दिलं नाही. का? तर पट्टीवरचं गवत कोवळं! शी, असली माणसं गावाचं भलं करणार!

मागच्या महिन्यात तांबडी डुकरीण विमानाच्या चाकाखाली येता येता राहिली. आणि आता कितिओनेची लेक लोसालिन दोन महिन्यांचं बाळ घेऊन त्याच विमानाने माहेरी येणार होती. त्याने राजधानीला तीन पत्रं धाडली. शेवटी निरोप आला, विमानतळ तपासनीस येतोय.

आमच्या या चिमुकल्या बेटदेशांना प्रत्येकी आपला तपासनीस कुठून परवडणार? म्हणून सगळ्यांनी मिळून एक कचेरी काढलीय. सामोआचा माणूस आम्हाला तपासतो, आमचा सामोआला. कल्पना सोन्यासारखी, पण राबवणारी माणसं आपलीच ना!

"कितिओने, पाहुण्यासाठी तांबडी कापायची," मुखिया म्हणाले. "भाजायची तूच. तुझ्यासारखी कुरकुरीत कातडी कुणाला साधत नाही." मोठ्या पाहुण्याला मोठं डुक्कर, हा रिवाजच. उरलेली अकरा खोबऱ्याच्या वखारीमागे कोंडली.

सामोआचा तपासनीस लौपेपा उतरला, उन्हात अर्धी पट्टी चालला. "जनावर एकही नाही. छान!" म्हणाला आणि थेट पानावर बसला. सकाळपासून धुरात डोळे फोडून घेतलेला कितिओने वाढायला उभा. वाढणाऱ्याने पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नसतं, पण त्याला राहवलं नाही.

"साहेब, तुम्ही खाताय ना, ती रोज धावपट्टीवर असायची. अजून अकरा आहेत, वखारीमागे कोंडलीत. माझी लेक येतेय हो पुढच्या गुरुवारी. तेवढं कुंपणाचं लिहा."

लौपेपाच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती. "अरे, मग एक तर मी पोटात घातली की!" तो म्हणाला, आणि सगळी पंगत खिदळली. "पुढच्या महिन्यात तुमचा माणूस आमच्याकडे येईल. त्यालाही आम्ही उपाशी नाही ठेवणार. काय मुखिया?"

"घरचीच माणसं आपण!" मुखिया म्हणाले.

किळस आली कितिओनेला. पण लौपेपाने तेलकट बोटांनी कागद पुढे सरकवला. "घे, कर सही."

"कुंपणाचं लिहिलंत?"

"लिहिलं रे बाबा, सगळं लिहिलंय." कागद इंग्रजीत, आणि कितिओनेचं इंग्रजी आकड्यांपुरतं. त्याने सही केली. मग लौपेपाने तांबडीच्या पाठीवरच्या कातडीचा तुकडा मोडून आपल्या हाताने त्याच्यापुढे धरला. पाहुण्याने दिलेला घास नाकारायचा कसा? खाल्ला त्याने.

पाहुणा गेला त्याच संध्याकाळी अकराही डुकरं मोकाट.

पुढच्या गुरुवारी विमानाची घरघर आली तेव्हा कितिओने एकटा बांबू घेऊन धावत होता. इकडून चार हाकलली की तिकडून पाच आत. विमान खाली आलं, वर गेलं. पुन्हा खाली आलं, पुन्हा वर गेलं. नातवासाठी विणलेली चटई हातात घेऊन त्याची बायको फुसी टक लावून बघत होती. तिसऱ्यांदा विमान खाली आलंच नाही, तसंच राजधानीकडे वळलं.

"हे काय, मुखिया?" कितिओने धापा टाकत ओरडला. "कुंपणाचं लिहून गेला ना तो?"

सेमिसींनी खिशातून कागदाची प्रत काढली आणि सावकाश, अर्थ सांगत वाचून दाखवली. जनावरांचा त्रास नाही. पट्टी मोकळी ठेवण्याची हमी, कितिओने. "आता तुलाच विचारतील बघ ते. सही तुझी आहे."

कितिओने पचकन थुंकला. मग पुन्हा थुंकला. त्या कातडीची खारट चव काही केल्या तोंडातून जात नव्हती.