पडदा नसलेला कॉम्प्युटर

महिपतला सही येत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नौपाड्यातल्या त्या कचेरीत अकरा वर्षं ते कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. रोज सकाळी हजेरीपटापाशी कुणीतरी त्याचा अंगठा धरायचा, शाईत बुडवायचा आणि कागदावर दाबायचा. "अहो, सही येते मला," तो म्हणायचा. "असू दे रे," असं म्हणून पुढच्याला हाक मारली जायची. आंधळ्याला काय येतं हे डोळसांनी परस्पर ठरवून टाकायचं, अशी आपल्याकडे रीतच आहे.

महिपत बाळकुमच्या कोळीवाड्यातला. नवव्या वर्षी तापात डोळे गेले. हात जाळं विणण्यात तरबेज, म्हणून कचेरीने त्याला जिन्याखाली बसवून खुर्च्यांचे वेत विणायला लावलं. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि तेही काम गेलं. मग तो जिन्याखाली नुसता बसून राहू लागला. पगार चालू होता, पण माणूस आतून कुजत होता.

नव्व्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आले आणि कारकुनाच्या एका जागेसाठी टायपिंगची परीक्षा निघाली. महिपतने अर्ज भरला तेव्हा लोक तोंडावर हसले. त्यांना ठाऊक नव्हतं, की वर्षभर दर रविवारी तो शहाडला जात होता.

तिथे त्याचा शाळासोबती भगवान जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने एका मशीनवर लिनक्स नावाची प्रणाली चढवली होती. "हे कुणाच्या मालकीचं नाय रे, फुकट वाटतात," तो म्हणाला होता. त्यात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, आणि एका संस्थेकडून मागून आणलेला बोलका डबा ती नाकात इंग्रजी बोलून ऐकवायचा. पहिले दोन महिने महिपतला त्याचं ओ की ठो कळेना. मग कान सरावला, बोटंही बसली.

पडदा मात्र भगवानने जोडलाच नाही. आंधळ्याला पडदा कशाला, उगाच टेबलावर अडगळ! त्यात काही चुकतंय असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

परीक्षेला स्वतःचं मशीन आणायची परवानगी महिपतने लेखी मिळवली होती. रिक्षातून भगवानकडचं ते मशीन आणून त्याने मांडलं, कानात इअरफोन घातला आणि परीक्षक सबनीससाहेबांनी तोंडी सांगितलेलं इंग्रजी पत्र टाइप करून टाकलं.

सबनीस टेबलापाशी आले, तर समोर पडदाच नाही. त्यांनी काही न विचारता वहीत पेन खरखरवत इंग्रजीत शेरा लिहिला आणि म्हणाले, "ऊठ आता. नाटक पुरे."

महिपतच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "साहेब, पडदा लावून बघा. लिहिलंय मी."

"वेळ संपली."

ठमाबाई शिपाईण दाराशी उभी होती. तिने कुणालाही न विचारता शेजारचा पडदा उचलून आणला. "लाव रे महिपत याची वायर."

पडदा उजळला. आख्खं पत्र तिथे होतं, एकही चूक नाही. पण माणूस एकदा शेरा लिहून बसला की त्याला खरं सोसत नाही. सबनीस म्हणाले, "हे यंत्र बोलतं म्हणे! मग लिहीतही तेच असेल. यात तुझं काय?"

खोलीतले बाकीचे उमेदवार फिदीफिदी हसले. महिपतचा अकरा वर्षांचा संताप उसळला. त्याने डब्यातून इअरफोन उपटला.

"मग आत्ता वहीत लिहिलंत ना माझ्याबद्दल, ते वाचा. ते तर यंत्राला ठाऊक नाय."

सबनीसांनी टाळायचा प्रयत्न केला, पण सगळे बघत होते. ते पुटपुटत वाचू लागले आणि महिपतची बोटं चालू लागली. वाचन संपलं. त्याने एक कळ दाबली. तो नाकातला आवाज आता भर खोलीत इंग्रजीतून बोलला: उमेदवाराला टाइप करता येत नाही, पडदा नसलेल्या यंत्रापुढे बसून त्याने कामाचं सोंग केलं. पडद्यावरही तेच शब्द उमटले होते.

सबनीसांच्या हातातली वही तशीच उघडी होती.

"बरोबर आलंय ना, साहेब?" महिपत म्हणाला. "मग या शेऱ्याखाली करा सही. का अंगठा धरू तुमचा?"