केळी विकत घेणारा खलनायक

एका खलनायकाला मी बाजारात केळी विकत घ्यायला लावले आणि त्यामुळे माझ्या मुलीचे लग्न मोडण्याच्या बेतात आले. एरवी आमच्या घरात गैरवर्तन होत नाही.

वालीवच्या एका कारखान्यात मी नोकरीभर व्हॉल्व्हचे आराखडे काढले. निवृत्त झालो त्याच आठवड्यात पत्नी सुमन म्हणाली, "अहो, आता तुम्ही रोज दिवसभर घरातच असणार का?" प्रश्नाचा सूर आनंदाचा नव्हता. मुलगी केतकी हिने ताबडतोब रंग, कुंचले आणि कॅनव्हास आणून दिले. मी पहिले चित्र काढले ते व्हॉल्व्हचे, मधोमध कापून आतील रचना दाखवणारे. ते चित्र आजही उत्तम आहे. ते कोणी घेतले नाही.

"बाबा, लोकांना ओळखीचं काहीतरी हवं असतं," केतकी म्हणाली.

"व्हॉल्व्ह ओळखीचा नाही? प्रत्येकाच्या घरी नळ आहे."

"सिनेमातलं म्हणते मी. कॉमिक्समधलं. सुपरहिरो वगैरे."

मी सुपरहिरोंचा अभ्यास केला. माझे मत असे झाले की ही माणसे जगाला वाचवतात, परंतु घरातील एकही काम करीत नाहीत. मी त्यांना कामाला लावले. चंदनसारच्या आमच्या इमारतीखाली रिकामी बादली घेऊन टँकरची वाट पाहणारा उडता वीर काढला. शेअर रिक्षात बसून तिसऱ्या प्रवाशासाठी खोळंबलेला परग्रहवासी काढला. रविवारी वसईत हौशी कलाकारांचा लहानसा बाजार भरतो, तेथे केतकीने टेबल मांडले. लोक चित्रे पाहून हसू लागले.

"काका, हे गंमत म्हणून काढलंय ना?" एका मुलीने विचारले.

"नाही. त्या दिवशी टँकर खरोखर आला नव्हता."

ती आणखी हसली आणि चित्र घेऊन गेली. मी बोललो की विक्री वाढते, असे केतकीच्या लक्षात आले. मी गप्प बसलो की ती आणखी वाढते, असे सुमनचे निरीक्षण होते.

माझ्या कलेत एकच उणीव आहे. मला चेहरा कल्पनेने सुचत नाही. समोर खरा माणूस हवा. त्याच्या दोन डोळ्यांतील अंतर, नाकाची लांबी, हनुवटीचा कोन हे पेन्सिल आडवी-उभी धरून मापल्याशिवाय माझा हात चालत नाही. बादलीवाल्या वीराला माझ्या मेहुण्याचा चेहरा आहे. (मेहुण्याने ते चित्र स्वतः विकत घेतले आणि "हा कोण हो, फार बावळट दिसतो," असे म्हटले. मी सहमती दर्शवली.) परंतु केतकीला आता खलनायक हवा होता, जुन्या सिनेमातला, चकचकीत लांब कोटातला. तशा चेहऱ्याचा माणूस आमच्या नात्यात नव्हता. निदान तेव्हापर्यंत नव्हता.

तो मला वसईतल्या होळी नावाच्या भागातील भाजीबाजारात भेटला. एका परप्रांतीय विक्रेत्याच्या केळ्यांच्या गाडीसमोर तो उभा होता. झुपकेदार मिशा, डाव्या गालावर चामखीळ, उजवी भुवई अर्ध्या कपाळापर्यंत चढलेली. त्या केळ्यांकडे तो ज्या तुच्छतेने पाहत होता, ती पाहून मला वाटले, हा घासाघीस करणाऱ्यांचा राजा आहे. मी शेजारी दुधी भोपळे चाचपण्याचे निमित्त केले आणि पिशवीआड वही धरून त्याचा चेहरा मापून घेतला. भोपळेवाल्या बाईने विचारले, "काका, भोपला घेनार का त्याचं लगीन लावनार?" भोपळा घ्यावा लागला.

चित्र झाले. सोनेरी कोट, काळा चष्मा कपाळावर, बोटांत अंगठ्या, मागे बंदुका सोडून कापडी पिशव्या सांभाळणारे दोन अंगरक्षक आणि मधोमध खलनायक, केळ्यांच्या डझनावर बोट रोखून विक्रेत्याला दरडावतो आहे. खाली शीर्षक घातले, 'भाव बरोबर लाव'. या चित्राने माझा व्हॉल्व्ह कायमचा मागे टाकला. केतकीने त्याचे फ्रिजवर लावायचे चुंबक काढले, चहाचे मग काढले. मूळ चित्र मात्र सुमनने विकू दिले नाही. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरामुळे आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला ओल आली होती आणि डाग नेमका त्या चित्राएवढा होता. कलेची कदर आमच्या घरात या पद्धतीने होते.

त्यानंतर काही महिन्यांनी केतकीने सांगितले की तिने लग्न ठरवले आहे. मुलगा रोहन, तिच्याच कार्यालयात. कुटुंब खाडीकाठच्या गावचे, मूळचे बागायतदार. केळीची मोठी वाडी. आई नाही. वडील भास्करराव आणि लग्न न करता भावाचा संसार सांभाळणारी आत्या.

"आत्यांचा होकार आला की सगळ्यांचा आला," केतकी म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही जरा कमी बोला."

"मी कमीच बोलतो."

"त्याहून कमी."

रविवारी मंडळी आली. पुढे रोहन, मागे आत्या, त्यांच्या हातात केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि त्यांच्या मागे, खांद्यावर केळ्यांचा अख्खा घड घेतलेले भास्करराव. लिफ्ट बंद होती. चार जिने चढून आलेल्या त्या माणसाने घड जमिनीवर टेकवला, मान वर केली, आणि मला झुपकेदार मिशा, चामखीळ आणि उजवी भुवई एकदमच दिसली.

मी त्यांना नमस्कार करण्याऐवजी त्यांच्या पाठीमागचा दरवाजा लावला. का, ते मला सांगता येणार नाही.

"बसा," सुमन म्हणाली आणि तिने त्यांना बसवले ते नेमके चित्राखालच्या कोचावर. पाहुण्याला घरातील उत्तम जागा द्यावी, हा तिचा नियम. भिंतीवर सोनेरी कोटातला खलनायक आणि त्याच्या बरोबर खाली, पांढऱ्या सदऱ्यात, तोच खलनायक. मी चित्रावर चादर टाकण्याचा विचार केला. परंतु चित्रावर चादर टाकणाऱ्या सासऱ्याविषयी आत्यांचे मत चांगले झाले नसते.

"भास्करराव, इकडे खुर्चीवर या, वारा लागेल," मी म्हणालो.

"नाय नाय, हितं बरा हाय."

"तेथे ओल आहे."

सुमनने माझ्याकडे पाहिले. तो डाग गेले वर्षभर पाहुण्यांपासून लपवण्यात तिचे आयुष्य गेले होते.

समोरच्या खुर्चीत आत्या बसल्या होत्या. त्यांनी पोह्यांची बशी घेतली, वर पाहिले, खाली पाहिले, पुन्हा वर पाहिले. बशी स्टुलावर ठेवली.

"भास्कर," त्या म्हणाल्या, "जरा वळून बग."

भास्करराव वळले. खिशातून चष्मा काढून त्यांनी चित्र पाहिले. 

"हा मी," ते म्हणाले.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"मिशा योगायोग म्हनू," आत्या म्हणाल्या. "चामखील पन योगायोगच का?"

चामखीळ मी फार काळजीपूर्वक मापली होती. उजव्या कोपऱ्यात, नोकरीतील सवयीप्रमाणे, चौकट आखून 'रेखाटन' आणि 'तपासणी' या दोन्ही शब्दांपुढे माझे नाव होते. भास्कररावांनी ते बोट ठेवून वाचले.

"म्हंजे तो तुमी," ते शांतपणे म्हणाले. "मी किती दिस शोधतोय."

मग त्यांनी सांगितले. गावातल्या सलूनमध्ये आरशावर ते चित्र चिकटवले होते. चहाच्या टपरीवर त्यांच्याच चेहऱ्याच्या मगमधून त्यांना चहा मिळाला होता. जो तो रस्त्यात थांबवून एकच विचारत होता, "काय भास्करदादा, केळी घेतली का?"

मी उठून उभा राहिलो. चूक मान्य करताना उभे राहावे, असे माझे मत आहे. "आपल्याला मी गुंड म्हणून दाखवले," मी म्हणालो. "हे अक्षम्य आहे. कोट, अंगठ्या, अंगरक्षक..."

"कोट झ्याक हाय," भास्करराव म्हणाले. "गुंड तर गुंड. पोरं घाबरून वाडीत शिरत नाय, फायदाच झाला. पन तुमी मला केळी इकत घेताना दावलं?"

"हो."

"केळी? मला? इकत?"

"भास्करचा राग त्याचा हाय," आत्या मध्येच म्हणाल्या. "आमच्या घरात तीन पिढ्या कोनी केळं इकत घेतलं नाय. सोयऱ्यांना कळलं तर म्हनतील, वाडी इकली का ह्यांनी? एका मानसानं तर इचारलं पन. जमीन दलालानं. म्हनला, इकलीच हाय तर मला का नाय सांगितलं?"

"पण मी तुम्हाला त्या गाडीपाशी पाहिले," मी म्हणालो. (येथे गप्प बसता आले असते.)

"मी माजा माल उतरून घरी चाललो होतो. ती भायेरची केळी बगायला थांबलो. पावडर लावून पिकवलेली. आतून कच्ची. त्यांच्याकडं बगत होतो मी! आनि तुमी समजलात भाव करतो?"

भास्करराव कोचावरून उठले. "ताई, चल. ज्यांना आमी केळी इकत घेनारे वाटतो, त्यांच्या घरात पोरगा द्यायचा कसा?"

रोहन म्हणाला, "बाबा, प्लीज."  केतकी लहानपणापासून रडू आले की नखांकडे पाहते. ती नखांकडे पाहत होती. मी ते पाहिले आणि घड्याळाकडे पाहू लागलो.

आत्या मात्र बसूनच होत्या. त्यांनी पोह्यांची बशी परत हातात घेतली. "बस रे भास्कर. पोरगी चांगली हाय, पोहे चांगले हायेत. चित्र तेवढं वाईट हाय. ते दुरुस्त होतंय की नाय, इचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

येथे वाचकांना माझी बाजू समजावी. सही झालेल्या आराखड्यात मी उभ्या नोकरीत बदल केला नाही. वरिष्ठांनी सांगितले तेव्हाही नाही. "मला विचार करायला वेळ हवा," मी म्हणालो.

"अहो," सुमन अगदी हळू म्हणाली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिने तो शब्द त्या आवाजात फार थोड्या वेळा उच्चारला आहे. वेळ पुरेसा मिळाला असे मी जाहीर केले.

"मग असं करा," आत्या म्हणाल्या. "भास्कर गाडीच्या पलीकडं उभा. माल त्याचा. इकतोय तो."

"चालेल," भास्करराव म्हणाले. "कोट ठेवा."

"कोट राहील," मी म्हणालो. "परंतु मग समोर भाव करणारा कोण? तेथे चेहरा लागेल. मला चेहरा कल्पनेने सुचत नाही."

"त्यात काय," सुमन म्हणाली. ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली होती आणि फार दिवसांनी प्रसन्न दिसत होती. "हे आहेत की. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी हे इतका वेळ घासाघीस करीत उभे राहतात की बाकीच्या जुड्या सुकतात. भाजीवाली ह्यांना लांबून पाहून टोपलीवर गोणपाट टाकते."

"तसं असलं तर फारच बेस," आत्या म्हणाल्या आणि पोहे संपवून त्यांनी केतकीच्या हातात सुकेळी दिली. लग्न ठरले.

मी आरशापुढे बसलो. मापे घेतली. भास्करराव दर रविवारी देखरेखीला येत. केळी त्यांच्याच वाडीची, राजेळी जातीची, समोर मांडून काढावी लागली. कोचावर रेलून ते म्हणत, "व्याही, फण्या जवळ जवळ आल्या. हवा लागू द्या त्यांना." मी फण्यांना हवा लागू दिली. नवे चित्र पूर्ण झाले तेव्हा खलनायक गाडीमागे त्याच तुच्छतेने पाहत होता. फक्त आता ती तुच्छता केळ्यांवरून उठून समोरच्या गिऱ्हाइकावर, म्हणजे माझ्यावर, आली होती. अंगरक्षक फण्या मोजत होते. चित्रातील मी एका केळ्याची साल चिमटीने दाबून पाहत होतो.

लग्नात स्वागताच्या फुलांशेजारी भास्कररावांनी ते चित्र उभे करायला लावले. खाडीकाठच्या सगळ्या गावाने त्यासमोर फोटो काढले. वाडी शाबूत असल्याची खात्री पटून जमीन दलाल जेवून गेला. केतकी हसत सासरी गेली. मी डोळे पुसले नाहीत. मंडपात धूर होता, एवढेच.

आता नव्या चित्राची विक्री जुन्यापेक्षा अधिक आहे. माहेरी आली की केतकी बाजारातल्या टेबलापाशी बसते आणि संध्याकाळी हिशेबाऐवजी मला एकच बातमी देते.

"बाबा, आजही सगळे तेच विचारत होते."

"काय?"

"की ह्या दोघांत खलनायक कोणता?"

सोनेरी कोट भास्कररावांच्या अंगावर आहे. अंगठ्या त्यांच्या बोटांत आहेत. अंगरक्षक त्यांच्या मागे उभे आहेत. माझ्या हातात नायलॉनची पिशवी आहे आणि एक केळे. तरीही लोक विचारतात. मी पुन्हा आरशापुढे बसून माझा चेहरा, विशेषतः भुवया आणि ओठांची रेषा, चित्राशी ताडून पाहिला.

मापात कोठेही चूक नाही.