आधी आयर्लंड, मग लंडन

माणसं परदेशी जाऊन येतात आणि मग किस्से सांगतात. आमचं उलटं झालंय. आम्ही अजून विरार सोडलेलं नाही आणि किस्से मात्र दोन बॅगा भरतील इतके साठलेत. मी ज्या पतपेढीत काम करते तिथे दुपारी डबे उघडले की भाजी काय आणलीस, हे आता कोणी विचारत नाही. "आज लंडनचं काय?" हाच पहिला प्रश्न. त्यांचा दोष नाही, मीच रोज काही ना काही घेऊन जाते.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे मंडळी ध्यानात येतील. माझी धाकटी बहीण वैशू आयर्लंडमध्ये नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले तेव्हा तिचे दिवस अगदी भरत आले होते. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली. तिने सगळं फोनवर व्हिडिओ कॉलमधून बघितलं. पुढे बाळ, ड्युट्या, रजा नाही, असं करत तिचं येणं राहूनच गेलं. आई वसईजवळ गिरीजला आमच्या केळीच्या वाडीत एकटी राहते. दोघी रोज फोनवर बोलतात, पण काय? तर केळीचे घड आणि बाळाचे हट्ट. बाबांचं नाव एकीच्याही तोंडी येत नाही. मला ते ऐकवत नाही, खरं सांगते.

म्हणून मी ठरवलं. नवरा, दोन मुलं आणि आई, सगळ्यांनी जायचं. मुलांना इंग्लंड दाखवायचं आणि आईला वैशूसमोर नेऊन उभं करायचं. या वर्षी म्हणजे याच वर्षी. आई नाही म्हणाली तर उचलून न्यायचं.

आई नाहीच म्हणाली. "वाडीला पानी कोन देनार?" एवढं बोलून ती पंपाकडे चालू लागली.

*

आमचे हे, म्हणजे संदीप, गोखिवऱ्याला एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतात. मूळचे साताऱ्याकडचे, पण आता पुरते कारखान्याचे झालेत. ट्रिप ठरली म्हटल्यावर त्यांनी हॉलच्या भिंतीवर पांढरा बोर्ड ठोकला आणि त्यावर लंडनचं शेड्यूल आखलं. सकाळी राजवाडा, मग म्युझियम, जेवण, मग नदीतली बोट. प्रत्येक गोष्टीला वेळ नेमून दिलेली, मधे श्वास घ्यायला जागा नाही.

अकरा वर्षांच्या आर्याने बोर्ड नीट वाचला. "पप्पा, यात निमूची शू कुठे आहे?"

निमू सहा वर्षांचा आहे आणि घराबाहेर पडला की त्याला दर अर्ध्या तासाने शू लागते. संदीपने डस्टर घेतलं आणि म्युझियम पुसलं.

*

संदीपचा एक नियम आहे. ट्रायल घेतल्याशिवाय माल बाहेर जात नाही. थर्मल आणले तर म्हणाले, थंडीची ट्रायल घेऊ. मे महिन्यातला रविवार, भर दुपार, आणि आमचं घर विरारच्या फुलपाड्यात. बेडरूमचा एसी सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवला आणि चौघेही थर्मल, स्वेटर, कानटोप्या घालून पलंगावर बसलो. दहा मिनिटांत निमूचे दात वाजायला लागले. संदीप खूश. "बघ, जमतंय."

आणि लाइट गेली.

आता हे सगळं काढायचं म्हणजे वेळ लागतो. थर्मल घामाने अंगाला चिकटला की निघत नाही. त्यात दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरचे गावडेकाका, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, लाइट आमचीच गेली का सगळ्यांची ते विचारायला आले होते. दार मी उघडलं, कानटोपीसकट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ताप आलाय का?"

"नाही काका, लंडनला जायचंय."

काका जिना उतरून गेले. संध्याकाळी काकू वाटीभर काढा घेऊन आल्या.

*

आमच्या बिल्डिंगला पाणी एक दिवसाआड येतं, तेही येईल तेव्हा. निमूचं सगळं बालपण बादल्या भरण्यात चाललंय. एकदा वैशूचा व्हिडिओ कॉल चालू असताना त्याने महत्त्वाचं विचारावं तसं विचारलं, "मावशी, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

"सारखंच असतं रे. नळ उघडला की येतं."

"मग भरून ठेवत नाहीस?"

"नाही."

निमूने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "मम्मी, तिला सांग भरायला. एक दिवस जाईल ना."

गेल्या आठवड्यात त्याने आपल्या बॅगेत कपड्यांच्या आधी एक मग टाकलाय. मी काढला नाही. उपयोगी पडेल.

*

आता आईचं. तिच्यामागे मी हात धुऊन लागले होते. पाणी द्यायला चुलतभावाला तयार केलं, तर म्हणाली, त्याला केळीची काय समज. केळी बघायला शेजारच्या वाडीतल्या माणसाला सांगितलं, तर म्हणाली, तो आपल्या झाडांना आधी पाणी देईल. मग मांजरीची काळजी पुढे आली. मांजरीची सोय करते म्हटलं तर म्हणाली, विमानात कान दुखतात. माझा पारा चढला. "आई, मी तुझीच मुलगी आहे. तू शंभर कारणं काढ, मी एकशे एक सोयी करीन."

आई हसली फक्त. मीही हटले नाही. दर रविवारी गिरीजला जायचे आणि तेच दळण दळायचे.

अशाच एका रविवारी आर्याने आजीला मोबाइलवर बोर्डाचा फोटो दाखवला. आधी लंडन, मग तिथलीच दोन-तीन गावं, आणि सगळ्यात शेवटी आयर्लंड. आजीने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "वैशूकडं शेवटी?"

"हो ना आजी. आधी सगळं बघून घ्यायचं आणि मग मावशीकडे आराम."

आईने मोबाइल परत दिला. "आधी आयर्लंड. मंग मी येते."

मला आनंदाने काही सुचेना. संदीपला मात्र पुढचं सगळं दिसलं. आधी ज्या देशात उतरायचं तिथला व्हिसा काढावा लागतो म्हणे, म्हणजे कागद नव्याने, हॉटेलं नव्याने, बोर्ड नव्याने. ते अगदी अजिजीने म्हणाले, "आई, लंडनला दोनच दिवस थांबू, मग लगेच तिकडे."

"तुम्ही थांबा. मी बाहेर बसते."

"कुठे बाहेर?"

"एरपोर्टवर."

संदीपने घरी येऊन बोर्ड पुसला. नातवाला बघायची घाई, दुसरं काय, असं मी त्यांना समजावलं.

*

मग पॅकिंगची ट्रायल झाली. आईची बॅग भरायला आम्ही वरात घेऊन गिरीजला गेलो. वैशूने तिकडून एकच गोष्ट मागितली होती, सुकेळी. आमच्या वसईची उन्हात वाळवलेली गोड राजेळी केळी, आई घरी करते ती. मी डबा काढला आणि बॅगेत ठेवला. आईने तो उचलून परत फडताळात ठेवला.

"ह्या टायमाला नको."

"अगं, तिने तेवढंच मागितलंय."

"पुढच्या टायमाला नेऊ."

मला राग आला. एवढ्या वर्षांनी लेकीकडे जायचं आणि तिने मागितलेलं नेमकं घरी ठेवायचं. मी बोलले तिला, जरा जास्तच बोलले. तिने ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि बेसनाची पिशवी आणून बॅगेत ठेवली. सोबत थोडे तांदूळ, पिठलं-भातापुरते.

संदीप म्हणाले, "आई, बेसन तिकडेही मिळतं."

"मिळू दे," आई म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.

*

शेवटचा घोळ बोटांचा. व्हिसाला बोटांचे ठसे द्यावे लागतात. आईचा सगळा जन्म वाडीत गेला, केळीच्या चिकाने बोटं काळी आणि कामाने गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा कधीच धड घेत नाही. संदीपने फतवा काढला, व्हिसा सेंटरला जाईपर्यंत आईने वाडीत हात लावायचा नाही. रोज बोटांना खोबरेल तेल. देखरेखीला शाळेच्या सुट्टीत आर्याची नेमणूक.

दोन दिवसांनी आर्याचा फोन आला. "मम्मी, आजी ऐकत नाहीये. दोन्ही हातांना दुधाच्या पिशव्या बांधून केळीची पानं कापतेय."

फोन आजीने घेतला. "हात नाय लावला गं मी. पिशवीच लागली."

तरी व्हिसा सेंटरच्या दिवशी मी देव पाण्यात घालून बसले होते. बोटं नाही उमटली तर आई घरी, आणि आई घरी राहिली तर या सगळ्याला अर्थच नव्हता. मला लंडन बघायचं नव्हतं हो. संदीपने वाटेत आईकडून उत्तर घोकून घेतलं होतं. कोणी विचारलं तर म्हणायचं, फॅमिलीबरोबर फिरायला.

काउंटरवरची मुलगी मराठीच निघाली. तिने आईची बोटं एकदा पुसून घेतली, काचेवर ठेवली, जरा दाबली, पुन्हा पुसली, पुन्हा ठेवली. मशीनवर हिरवा दिवा लागला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती मुलगीही हसली आणि सहज गप्पा माराव्यात तसं तिने विचारलं, "मग आजी, काय काय बघणार तिकडे?"

संदीपने आईला डोळ्यांनी खुणावलं. आर्याने ओठ हलवून दाखवले. आईने दोघांकडे बघितलं, पदर सारखा केला आणि त्या मुलीला म्हणाली,

"ही मंडळी बघतील काय ते. माझ्या धाकटीचा बाप गेला. तिला भेटायला आपल्यातलं अजून कोनी गेलं नाय."