आबांना न दाखवलेली पाणबुडी

पाणबुड्यांचे आराखडे करण्यात माझी अख्खी नोकरी गेली. आपल्याकडं ते काम उभं करणाऱ्या पहिल्या मोजक्या नौदल अधिकाऱ्यांत मी होतो. निरोपाच्या भाषणात मी परदेशातल्या प्राध्यापकांचे आभार मानले. केदारखेड्याच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव काही तोंडातून निघालं नाही.

आबा शेती सांभाळून विहिरी बांधायचे. गोल विहिरीला चारी बाजूंनी माती रेटते, त्यानंच दगड एकमेकांना धरून बसतात. चौकोनी बांधली तर भिंतीला पोट येतं. मी शाळेत असताना त्यांनी हे मला काठावर उभं करून दाखवलं होतं. पुढं पाण्याचा दाब झेलणारं गोल पोलादी कवच मी आखलं. त्यातलं गणित माझं होतं, अक्कल त्यांची.

सुट्टीत आलो की ते विचारायचे, "एवढ्या खोल पाण्यात तुही बोट चेपत कशी न्हाई? एकदा दाखव नं मला."

"बंदी आहे आबा. सगळं गुपित असतं."

आराखडे गुपित होतेच. पण वर्षातून एकदा घरच्या माणसांना गोदीत बोलवायचे, बोटीत उतरवून फिरवायचे. सहकाऱ्यांच्या आया लुगडं सावरत शिडी उतरायच्या. बायकोला मी दोनदा नेलं. आबांना नाही. त्यांचं धोतर, मोठ्यानं बोलणं, साहेबांसमोर 'करून राह्यलो' म्हणणं, या सगळ्याची मला लाज वाटायची. बंदीचं कारण आयतंच हाताशी होतं.

आबा गेले. तेराव्याला जवळच्या टेंभुर्णीचे, आबांच्या ओळखीचे एक निवृत्त नौसैनिक आले. पंगत उठल्यावर ओसरीत माझ्याशेजारी बसले.

"साहेब, मी आबाला कव्हाच सांगितल्तं, घरच्यांला बोट दाखवतेत म्हून. म्हणलं, चला, मी नेतो. तर माझ्यावरच चिडले. म्हणले, माझ्या पोराची बोट अलग हाये, तिथं बिलकुल बंदी हाये. माझं पोरगं माझ्याशी खोटं कशाला बोलंल?"

भाऊबंद ऐकत होते. थोरल्या चुलत्यांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली.

"खरंच बंदी होती का, साहेब?" नौसैनिकांनी अगदी सरळ मनानं विचारलं.

मी म्हणालो, "होती."