वरपक्षाला दिलेली चावी

तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलात तीन वास एकमेकांवर चढलेले होते: नकली मोगऱ्याचा फवारा, त्याच्याखाली ओल्या गालिच्याचा कुबट दर्प, आणि खिडकी किलकिली केली की खाऱ्या पाण्यावरून येणारी कुजकट झुळूक. मी महाविद्यालयात कविता शिकवते. गंधाला शब्द शोधणे हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. पण त्या इमारतीसाठी मला एकही सुंदर शब्द खर्च करायचा नाही.

लग्न माझ्या चुलत नणंदेचे होते. आम्ही दुसरबीडची माणसे, मुलीकडची. काकाजींनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, लोणारचे हे हॉटेल हौसेने ठरवले होते. खाली हिरवळीवर मांडव, पहिल्या मजल्यावर वरपक्ष, दुसऱ्यावर आम्ही बायका. सकाळी नऊच्या सुमारास नवरदेवाच्या मोठ्या बहिणीचा नवरा रुसला. आमच्याकडे लग्नात वरपक्षाच्या जावयाने रुसणे हा जवळजवळ विधीच मानला जातो. त्याला कारण लागत नाही, प्रेक्षक लागतात. या वेळी कारण होते थंड चहा. तो मांडवाबाहेर खुर्ची टाकून सगळ्यांकडे पाठ करून बसला, आणि चार प्रौढ माणसे त्याच्या पाठीशी बोलू लागली.

"सूनबाई," काकाजी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही शिकेलसवरेल. त्या काउंटरवाल्याले नीट समजावून सांगा. जावईबापूले आज कोण्याच गोष्टीले नाही म्हणायचं नाही. इथं बिनसलं तं तोंड दाखवाले जागा नाही राहणार."

मी गेले. काउंटरवर मॅनेजर होता, त्याच्यामागे खुंट्यांवर चाव्यांच्या दोन रांगा. मी त्याला वर्गात सांगावे तसे, स्पष्ट उच्चारात सांगितले, "नवरदेवाकडच्या जावयांनी काहीही मागितले, तरी आम्हाला विचारत बसू नका. देऊन टाका." त्याने मान डोलावली. परत फिरताना मला त्या वाक्याचे थोडे कौतुकही वाटले होते. छोटे होते, नेमके होते, त्यात संदिग्ध काही नव्हते.

माझी सख्खी नणंद शाळेत विज्ञान शिकवते. तिला अर्धशिशीचा त्रास आहे. बँड सुरू झाला तशी तिची कपाळाची शीर उडू लागली आणि ती आमच्या खोलीत जाऊन पडली. मी तिच्या कपाळाला बाम लावला, पडदा ओढला, दार ओढून घेतले. ते दार ओढले की आपोआप लागे आणि बाहेरून फक्त चावीने उघडे. वरची कडी आम्ही लावली नाही, कारण साऱ्या बायकांच्या पिशव्या त्याच खोलीत होत्या आणि कोणीतरी चावी घेऊन सारखे ये-जा करणार होते.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, तेव्हा मी तिला जेवायला बोलवायला वर गेले. दोनदा हाक मारल्यावर तिने दार उघडले. बामाचा वास तसाच होता, आणि त्यात एका परक्या अत्तराचा गोड, चिकट वास मिसळलेला होता. ती भिंतीला टेकून उभी होती.

"वयनी," ती म्हणाली, "त्याच्याजवळ चावी होती."

हे तिचे पहिले वाक्य. कोणाजवळ, ते तिने नंतर सांगितले. जावईबापूजवळ. सासूबाईंनी त्या गोष्टीला पुढे कित्येक दिवस 'ते' म्हटले, काकाजींनी 'झाला प्रकार' म्हटले. कायदा त्याला बलात्कार म्हणतो, आणि मीही तेच म्हणते.

सासूबाई आणि काकाजी वर आले. खालून बँडचे ढोल जमिनीतून तळपायांत शिरत होते.

"पोरीची पाठवणी तं होऊ द्या," काकाजी म्हणाले. "आज तुम्ही ठाण्यात गेल्या तं ते लोकं तिले उंबऱ्यात घेतीन का? सारं आयुष्य पडलं आहे तिचं."

"माह्यं नाही पडलं का, काका?" नणंदेने विचारले.

सासूबाई मोरीत गेल्या आणि त्यांनी गिझर लावला. "पह्यले आंघोळ कर बाई. डोक्यावरून पाणी घे."

"पाणी बंद कर, आई. आंघोळ केली तं डॉक्टरले दाखवाले काय उरते?"

तिने कपडे बदलले, आणि उतरवलेला कुर्ता उशाशी पडलेल्या वर्तमानपत्रात घडी करून गुंडाळला. मी प्लास्टिकची पिशवी पुढे केली, तेव्हा ती सहावीच्या वर्गाला सांगावे तसे म्हणाली, "प्लास्टिकमधी ओल राहते, बुरशी येते. कागदच पाह्यजे."

काकाजी दारात उभे राहिले. "आन् तुम्ही, सूनबाई? कविता शिकवता तं कविता शिकवा. घरं मोडाची विद्या नका शिकवू."

"काकाजी, दारातून बाजूला व्हा," मी म्हणाले. बारा वर्षांत मी त्यांच्याशी असे कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले, पण डोळे नाही हलवले.

माझा नवरा खाली पंगतीत वाढत होता. गाडी मागच्या दाराशी आण, एवढेच मी त्याला फोनवर सांगितले. बहीण गाडीत बसली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले आणि एकही प्रश्न न विचारता गाडी चालू केली. जवळच्या ठाण्यात तिला जायचे नव्हते. त्या रस्त्यावर अर्ध्या वरातीच्या गाड्या उभ्या होत्या. ती म्हणाली, बुलढाण्याला चला, तिथे मोठे रुग्णालय आहे. मेहकर गेले, चिखली गेली. तिने खिडकी पूर्ण उघडी ठेवली होती. हरभऱ्याच्या शेतांवरून आंबट, थंड वारा आत येत होता आणि कोणीच काच वर करा म्हणाले नाही.

बुलढाण्याच्या ठाण्यातल्या टेबलामागच्या माणसाने आमचे बोलणे अर्धे ऐकले आणि पेन खाली ठेवले.

"घटना तिकडची, तं तक्रारही तिकडंच. इथं कागद काऊन रंगवायचे?" मग माझ्या नवऱ्याकडे वळून, जणू आम्ही दोघी तिथे नव्हतोच, "लग्नाघरचं मानापानाचं भांडण असन, भाऊ. उद्या शांत झाल्यावर पाहा."

माझी एक जुनी विद्यार्थिनी त्याच गावात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांचे खटले विनामोबदला चालवते. मी तिला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"साहेब," ती म्हणाली, "हद्द कोणाचीही असो, शून्य क्रमांकानं गुन्हा इथंच नोंदवावा लागतो, मग तो तिकडं पाठवता येतो. अशा गुन्ह्यात नोंद नाकारली तर नाकारणाऱ्यावरच गुन्हा होतो. महिला अधिकारी बोलवा. जबाब त्याच घेतील."

"आपण कोण बोलून राह्यल्या?"

"वीस मिनिटांत समोर येते. मग नीट बघून घ्या."

ती पंधरा मिनिटांत आली. महिला अधिकाऱ्याने जबाब घेतला, आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, कायद्यात आहे तशी, फुकट हातात मिळाली. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक तपासणीआधी परवानगी विचारली. नाही म्हणण्याचा तुमचा हक्क आहे, हेही सांगितले. वर्तमानपत्रातला कुर्ता लाखेच्या मोहरेखाली गेला. वितळत्या लाखेच्या जळकट वासाने नणंद पहिल्यांदा रडली.

तिसऱ्या दिवशी जावयाला पकडले. त्याने खोलीत गेल्याचे नाकारले नाही. त्याचे म्हणणे एवढेच होते की तिनेच बोलावले, तिनेच दार उघडले. मग सगळे प्रकरण एका वस्तूवर येऊन थांबले. तो चावीने आत गेला, की दार त्याच्यासाठी उघडले गेले? चावीचे सिद्ध झाले नाही, तर न्यायालयात माझ्या नणंदेला प्रश्नामागून प्रश्न विचारून तिचे दार शंभर वेळा उघडायला लावतील, हे वकिलीणबाईंनी मला स्पष्ट सांगितले.

पुढच्या आठवड्यात तपास अधिकारी बाई पंचनाम्याला हॉटेलात गेल्या, तेव्हा खोली दाखवायला मला बोलावले. वकिलीणबाईही सोबत आल्या. कॅमेऱ्याचे चित्रण पुसू नये, अशी नोटीस त्यांनी आदल्याच दिवशी बजावली होती.

"कॅमेरा लग्नाच्या दिवशी बंद होता," मॅनेजर म्हणाला. तो लवंग चघळत होता. "आन् त्या खोलीची दुसरी चावी कोणाले देलीच नाही. खुंटीवरच होती. वाटलं तं रजिस्टर पाहा."

रजिस्टरात काहीच नव्हते. त्या दिवसाचे पान कोरे होते.

वकिलीणबाईंनी त्याला शांतपणे सांगितले की गुन्हा त्या माणसावर आहे, पण खोलीच्या सुरक्षेत कसूर केल्याबद्दल हॉटेललाही जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभे करता येते.

तो हसला. "गिऱ्हाईक कोण आहे, मॅडम? बुकिंग काकाच्या नावावर. त्या बाईनं एक पावती तरी फाडली का इथं?"

"ज्याच्यासाठी खोली घेतली, तोही कायद्यानं ग्राहकच असतो. पावती कोणी का फाडेना."

त्याच्या जबड्याची हालचाल थांबली. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. "हॉटेलचा काय दोष? ह्याच आल्या होत्या ना काउंटरवर! जावई काहीही मागतीन, विचारू नका, देऊन टाका. ह्याच म्हणल्या! मंग देली!"

"काय दिली?" अधिकारी बाईंनी विचारले.

त्याने लवंग गिळली.

मी टेबलाची कड धरली होती. काचेवर माझ्या घामाचे चार ठसे उमटले. त्या एका आठवड्यात मी त्या जावयाचा, काकाजींचा, ठाण्यातल्या टेबलाचा, रुसव्यांच्या साऱ्या परंपरेचा मनापासून द्वेष केला होता आणि त्यात मला एक प्रकारचा आराम होता. माझे वाक्य मी आठवले नव्हते असे नाही. आठवून मी ते बाजूला ठेवले होते. नणंदेला त्यातले काहीच माहीत नव्हते.

बाहेर आल्यावर वकिलीणबाई म्हणाल्या, "मॅडम, परवा तुमचा जबाब आहे. ते वाक्य त्यात जसंच्या तसं यायला पाहिजे."

"तिला कळेल."

"समोरचा वकील तरी काढणारच आहे. आत्ता लपवलं असं दिसलं, तर तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. आणि तो मॅनेजर आज जे बोलला ते उद्या नाकारेल. तुम्ही असं सांगितलं होतं, म्हणून त्यानं चावी दिली, हे जुळवून दाखवणारं दुसरं कोणी नाही." मग एकेकाळी माझ्याच वर्गात बसणारी ती मुलगी म्हणाली, "पाहुणचार सांभाळा म्हणणं वेगळं, आणि झोपलेल्या बाईच्या खोलीची चावी परक्या पुरुषाला देणं वेगळं. हा फरक कळायला हॉटेल काढावं लागत नाही. पण तुम्ही बोललात, हे खरंच आहे."

त्या संध्याकाळी नणंद माजघरात वह्या तपासत बसली होती. चुलीवर शेंगदाणे भाजले जात होते. कढईत टरफलांचा कोरडा आवाज होत होता. मी तिच्यासमोर बसून सगळे सांगितले. काकाजींचा निरोप, काउंटर, वाक्य.

"तू सांगतलं?"

"हो."

"काऊन?"

"तो रुसला होता म्हणून."

"कायच्यासाठी रुसला होता तो?"

"चहा थंड होता."

ती हसली. इतके कोरडे, इतके तुटक हसू मी कोणाचे ऐकलेले नाही. सासूबाईंनी चुलीपासून मान वळवली. "जाऊ दे बाई, वयनी आहे तुही, मुद्दाम थोडीच—"

"आई, तू गप राह्य." मग ती माझ्याकडे पाहून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "चावी त्यानं मागतली, मॅनेजरनं देली, आत तो आला. हे मले समजते. तुह्या अंगावर मी त्याचं पाप नाही टाकत. पन घरात तू आता माह्याशी बोलू नको. ठाण्यात बोल, कोर्टात बोल. तिथं सारं बोल, एक शब्द गाळू नको."

मी बोलले. अधिकारी बाईंनी वाक्य लिहून मला वाचून दाखवले आणि विचारले, "असंच ठेवू?" मी ठेवा म्हणाले. नणंदेने आपला जबाब दंडाधिकारी बाईंपुढे बंद खोलीत वेगळा दिला. सरकारी भरपाईचा अर्ज तिने स्वतः भरला. हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगातली तक्रारही तिच्याच नावाने गेली. काकाजी आमच्या गल्लीतून जाताना आता रस्त्याची दुसरी बाजू धरतात; नव्या नवरीला आम्हाला फोन करण्याची मनाई आहे.

काही महिन्यांनी हॉटेलचे लेखी उत्तर आले. आम्ही तिघी वकिलीणबाईंच्या खोलीत होतो; नणंद खिडकीशी, मी दाराशी. वकिलीणबाईंनी मोठ्याने वाचले, "तक्रारदाराच्या भावजयीने दिलेल्या स्पष्ट सूचनेनुसार सदर खोलीची दुसरी चावी वरपक्षाच्या जावयांच्या हाती देण्यात आली, सबब हॉटेलची कोणतीही कसूर नाही." खाली मालकाची सही होती आणि निळा शिक्का.

माझ्या अंगावर दोष ढकलण्याच्या घाईत त्यांनी चावी स्वतःच्या हाताने कागदावर ठेवली होती.

नणंदेने तो कागद हातात घेतला, पुन्हा एकदा स्वतः वाचला. "आता म्हणू द्या त्याले," ती म्हणाली, "तिनंच दार उघडलं म्हणून."

हे ती वकिलीणबाईंना म्हणाली. माझ्याशी ती अजून बोलत नाही.